शरभाची सही असलेली चित्रे

अद्भुतकथा आणि विज्ञानकथा यांच्या जगातली चित्रे काढून त्यांच्या छापील प्रती विकणारे तरुण चित्रकार मुंबईत आता बरेच दिसू लागले आहेत. फेब्रुवारीच्या सुमारास भरणाऱ्या काळा घोडा महोत्सवातले रस्त्यावरचे स्टॉल असोत, कॉमिक्सप्रेमींचे मेळे असोत किंवा दिवाळीच्या आधी दादर-माहीम भागातल्या सभागृहांतून भरणारी विक्री-प्रदर्शने असोत, पंख पसरलेले ड्रॅगन, चिलखत घातलेले अंतराळवीर आणि गाजलेल्या परदेशी मालिकांमधली पात्रे एका रांगेत मांडलेले टेबल कुठे ना कुठे आढळतेच. त्यांपैकी एका चित्रकर्तीच्या कामाचे हे परीक्षण आहे. जाहिरात संस्थेतली नोकरी सांभाळून त्या ही चित्रे काढतात आणि स्वतःचे नाव कोठेही छापत नाहीत. चित्राच्या उजव्या कोपऱ्यात सहीच्या जागी एक इवलासा शरभ, म्हणजे सिंहासारखा काल्पनिक पशू, असतो, आपल्या किल्ल्यांच्या दरवाज्यांवर कोरलेला असतो तसा, शेपूट वर वळवलेला. टेबलावरच्या पाटीवरही तोच असल्यामुळे शोधणाऱ्याला नावावाचून अडचण पडत नाही.

मी त्यांच्याकडून सुट्ट्या छापील प्रती घेतल्या, अठ्ठेचाळीस पानांची एक चित्रपुस्तिका घेतली आणि एक चित्र मुद्दाम सांगून काढून घेतले. सगळ्याचा दर्जा सारखा नाही, म्हणून मत आधीच सांगून टाकतो. ज्या चित्रांत त्यांनी एखादी अशक्य गोष्ट मुंबईत किंवा कोकणात प्रत्यक्ष पाहिलेल्या वस्तूच्या आधाराने उभी केली आहे, आणि ती वस्तू परक्या परिस्थितीत कशी वागेल याचा हिशेब केला आहे, ती चित्रे पैसे मोजून घरात लावावीत अशी आहेत. ज्यांत केवळ ओळखीचे पात्र आहे, ती हौसेने पाहावीत आणि पुढे जावे.

सर्वांत सरस चित्र आहे ते शनीच्या टायटन या उपग्रहावरच्या कोळीवाड्याचे. टायटनवर द्रवरूप मिथेन आणि इथेन यांचे समुद्र आहेत, हे कॅसिनी यानाच्या निरीक्षणांतून स्पष्ट झाले आहे; तेथील पृष्ठभागाचे तापमान उणे १७९ अंश सेल्सिअसच्या आसपास असते. अशा समुद्रात वरळीच्या किंवा मढच्या घाटणीची होडी सोडावी, ही कल्पना इतर कोणाला सुचलीही असती. या चित्रकर्तीचे खरे काम होडी किती बुडालेली दाखवावी हे ठरवण्यात आहे. द्रव मिथेनची घनता पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असते आणि इथेन मिसळल्यावर ती वाढली तरी पाण्यापेक्षा पुष्कळ कमीच राहते. म्हणजे तेवढ्याच वजनाच्या होडीला तरंगण्यासाठी कितीतरी अधिक द्रव बाजूला सारावा लागतो आणि ती खोल बसते. चित्रातल्या होडीचा मूळ काठ द्रवाच्या पातळीला जवळजवळ टेकलेला आहे, आणि म्हणून कोळ्यांनी त्यावर आणखी फळ्या ठोकून तो उंच केला आहे. या नव्या फळ्यांचा रंग जुन्या लाकडापेक्षा उजळ आहे, त्यामुळे ही डागडुजी अलीकडची आहे आणि लोक येथे नवखे आहेत, हे काही न सांगता कळते. लाकूड तेथे आले कोठून, हे मात्र विचारू नये. एवढी सवलत अद्भुताला द्यावीच लागते.

पुढचे तपशीलही याच धोरणाने आले आहेत. टायटनवरची हवा पृथ्वीवरच्या हवेपेक्षा चौपटीहून अधिक दाट आहे, तेव्हा शीड लहान ठेवले आहे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे एक सप्तमांश आहे, तेव्हा वल्ह्यावरून उडालेले थेंब उंच गेलेले आणि अजून खाली न आलेले दिसतात, आणि लाटांचे चढ लांब व आळसावलेले आहेत. जाळ्यात मासळी नाही. समुद्राच्या तळावरून ओढून काढलेले पाण्याच्या बर्फाचे गोटे आहेत, कारण पाण्यावर तरंगणारा बर्फ मिथेनमध्ये तळाला जातो आणि पिण्याचे पाणी हवे असेल तर तो बाहेर काढावाच लागणार. किनाऱ्यावर बसलेल्या कोळणीच्या उष्णतारोधक पोशाखाच्या शिवणींवर लुगड्याच्या काठाची नक्षी घेतली आहे आणि तिच्या पुढ्यातल्या पाटीत हे गोटे आकारानुसार लावून ठेवलेले आहेत, मोठे वर आणि लहान खाली, म्हणजे गिऱ्हाईक बघणार ते वरचेच. भाव करणाऱ्या माणसाला अंतराळवीराचे शिरस्त्राण घातले तरी त्याचे हात तेच बोलतात, हे त्या पोशाखातल्या वाकलेल्या बोटांवरून जाणवते.

या चित्रावर माझा एक आक्षेप आहे आणि तो किरकोळ नाही. मागच्या आकाशात शनी त्याच्या कड्यांसह ठसठशीत दाखवला आहे. टायटनचे वातावरण नारिंगी धुक्याने इतके भरलेले आहे की पृष्ठभागावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोळ्यांना शनी दिसणार नाही. ज्या व्यक्तीने होडीचा काठ मोजून बुडवला, तिला हे ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. टेबलापासून चार हात दूर उभ्या असलेल्या माणसाला हे अंतराळातले चित्र आहे असे पटकन कळावे, एवढ्यासाठीच ती कडी तेथे आली असावीत. विक्रीच्या दृष्टीने निर्णय बरोबर असेल. चित्राच्या दृष्टीने तो नारिंगी, काहीच न दिसणारा आभाळाचा पडदा अधिक भीतीदायक ठरला असता.

दुसरे लक्षणीय चित्र बोरीबंदरचे, म्हणजे पूर्वीच्या व्हीटी आणि आजच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस या रेल्वे स्थानकाचे आहे. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ साली या इमारतीचे काम सुरू झाले आणि तिच्यावरच्या कोरीव कामात मुंबई कला विद्यालयाच्या, म्हणजे आजच्या सर जे. जे. कला विद्यालयाच्या, विद्यार्थ्यांचा मोठा हात होता. इमारतीच्या अंगावर ठिकठिकाणी पशू आहेत, पक्षी आहेत, आणि कशातच न बसणारी काही दगडी जनावरेही आहेत. रोज लाखो माणसे त्यांच्या खालून जातात आणि मान वर करण्याइतका वेळ कोणाकडे नसतो. चित्रात जुलैच्या पावसात, शेवटची गाडी गेल्यानंतर, यांपैकी एक जनावर भिंतीतून सुटून खाली उतरते आहे. येथेही गंमत शरीररचनेत आहे. भिंतीबाहेर दिसणारा पुढचा अर्धा भागच शिल्पकाराने घडवलेला असतो; मागचा भाग नुसता धोंडा, भिंतीत रुतवण्यासाठी ठेवलेला. म्हणून या प्राण्याला आयाळ आहे, दात आहेत, पंखांवरचे पीस न् पीस कोरलेले आहे, पण मागचे पाय नाहीत. त्या जागी छिन्नीच्या खुणा असलेला चौकोनी दगड आहे आणि तो ओढत, कण्हत तो पर्जन्यनळाला धरून उतरतो आहे. पंख शोभेचे असल्यामुळे उडण्याचा प्रश्नच येत नाही. ओल्या दगडाचा पिवळसर करडा रंग मुंबईच्या गॉथिक इमारतींतल्या मालाडच्या दगडाशी इतका जुळतो की तो जागेवर बसून टिपला असावा याविषयी मला शंका नाही.

मी टेबलापाशी हे चित्र बघत असताना शेजारच्या एका गृहस्थांनी मुलाला खांद्यावर घेऊन विचारले, “ताई, हा कुठल्या पिक्चरमधला?” चित्रकर्ती म्हणाल्या, “पिक्चरमधला नाही काका, व्हीटीचा आहे. घरी जाताना वर बघा.” ते गृहस्थ शेवटी दुसरेच काहीतरी घेऊन गेले, ते चित्रपटातलेच होते.

त्यामुळे आता फॅन आर्टविषयी, म्हणजे गाजलेल्या पात्रांच्या चाहत्यांनी काढलेल्या चित्रांविषयी, बोलणे भाग आहे, कारण टेबलावरचा निम्म्याहून अधिक भाग त्यानेच व्यापलेला असतो. लोकप्रिय परदेशी पात्रे मुंबईच्या पार्श्वभूमीवर आणणे हा या चित्रांचा ठरलेला साचा आहे: प्रकाशाची तलवार घेतलेला योद्धा विरार गाडीच्या दारात लटकलेला, टोकदार टोपीचा जादूगार कटिंग चहा पिताना, यंत्रमानव बेस्टच्या रांगेत उभा. रेखाटन सफाईदार आहे, चेहरे हुबेहूब आहेत आणि पहिल्या क्षणी हसूही येते. दुसऱ्यांदा पाहिल्यावर त्यात पाहण्यासारखे काही उरत नाही, कारण विरार गाडीमुळे त्या योद्ध्यात काहीच बदललेले नसते. त्याची तलवार कोणाच्या बॅगेला लागत नाही, त्याचा झगा दारात अडकत नाही, गर्दीतला कोणी त्याला “आत सरका” म्हणत नाही. टायटनवरच्या होडीला जो प्रश्न विचारला गेला, तो या पात्रांना विचारलाच गेलेला नाही. अनोळखी कल्पनेपेक्षा ओळखीचा चेहरा लवकर विकला जातो आणि स्टॉलचे भाडे त्यातूनच निघते, हे मला समजते. परंतु विकत घेणाऱ्याने ते आपल्या पैशांतून का भरावे, हा प्रश्न राहतोच.

कायद्याची बाजूही थोडक्यात नोंदवायला हवी. १९५७ च्या प्रताधिकार कायद्यानुसार कलाकृतीच्या प्रती काढण्याचा आणि तिचे रूपांतर करण्याचा हक्क प्रताधिकारधारकाचा असतो; खासगी वापर, समीक्षा, परीक्षण अशा कारणांपुरती मोकळीक दिलेली आहे, पण टेबल मांडून प्रती विकणे त्या मोकळिकीत सहजासहजी बसत नाही. कंपन्या बहुधा अशा छोट्या विक्रीकडे काणाडोळा करतात, एवढ्यावर हा सगळा बाजार चालतो. चित्रकर्तींनी आपल्या पुस्तिकेत फॅन आर्टचे एकही पान घेतलेले नाही. हे जाणीवपूर्वक केले असेल तर शहाणपणाचे आहे, आणि पुस्तिकेचा कस त्यामुळे वाढलाच आहे.

या विभागात एक अपवाद मात्र आहे आणि तो मी घेतल्यावाचून राहिलो नाही. ‘चांदोबा’ वाचत मोठ्या झालेल्या पिढ्यांना के. सी. शिवशंकरन यांनी रेखाटलेला विक्रमादित्य विसरणे शक्य नाही: हातात उपसलेली तलवार, खांद्यावर प्रेत, मागे स्मशानाचा अंधार. त्याच मांडणीला आदर दाखवून काढलेल्या या चित्रात विक्रमाच्या खांद्यावर प्रेताऐवजी अंतराळवीराचा रिकामा पोशाख आहे. पाठीवरची प्राणवायूची पेटी खाली झुकली आहे, एक नळी जमिनीवर फरफटते आहे, आणि शिरस्त्राणाच्या काचेत विक्रमाला न दिसणारा, आपल्याकडे बघणारा वेताळ आहे. पायांखालची जमीन स्मशानाची नाही, चंद्राची आहे. सावल्यांच्या कडा चाकूने कापल्यासारख्या धारदार आहेत, कारण प्रकाश पसरवायला तेथे हवा नाही. मग वेताळाचा आवाज राजाला ऐकू कसा येणार, आणि राजा मौन मोडणार तरी कसा? चित्र पाहून हा प्रश्न पडतो आणि वेताळाच्या प्रश्नांमध्ये तो अगदी शोभून दिसतो. चाहत्याने काढलेले चित्र मूळ चित्राशी असे वाद घालणारे असेल, तर त्याला कोणाची हरकत असणार?

चित्रपुस्तिकेचा विषय आहे मुंबईत स्थलांतरित झालेली कोकणातली भुते. कल्पना चांगली, आणि बहुतेक पाने तिला न्याय देतात. गावाकडे वाटसरूला रात्रभर त्याच त्या जागी फिरवणारा चकवा येथे दादरच्या पुलावर राहायला आला आहे. २०२३ च्या डिसेंबरात मध्य रेल्वेने दादरच्या आपल्या फलाटांचे क्रमांक बदलले, तेव्हापासून या चकव्याला फारसे काम उरलेले नाही, असे चित्रातून सुचवले आहे: तो कठड्याला टेकून निवांत विडी ओढतो आहे आणि माणसे आपली आपणच फिरत आहेत. पिंपळ तोडल्यामुळे बेघर झालेला मुंजा मोबाइलच्या मनोऱ्यावर बसला आहे. पाण्यातला गिऱ्हा मिठी नदीच्या काठी नाक दाबून उभा आहे, आणि तो खरोखर केविलवाणा दिसतो. देवचाराचे पान मात्र फसले आहे. दक्षिण कोकणात देवचार हा गावाच्या सीमेची राखण करणारा. त्याला गृहसंकुलाच्या रखवालदाराच्या गणवेशात उभे करणे हे सुचायला सोपे आहे, आणि तेथेच विचार थांबल्यासारखा वाटतो. त्याची काठी आणि खांद्यावरची घोंगडी काढून घेतल्यावर त्याच्यात देवचाराचे असे काही शिल्लकच राहिलेले नाही.

पुस्तिकेच्या बांधणीविषयी तक्रार आहे. तिला मधोमध पिना मारलेल्या आहेत, आणि अशा बांधणीत समोरासमोरची दोन पाने एकाच सलग कागदावर येतात ती फक्त अगदी मध्यभागी. इतर ठिकाणी जोडपानावर पसरलेले चित्र दोन वेगवेगळ्या कागदांवर छापले जाते आणि घडीवर थोडे सरकतेच. चकव्याचा पूल असा मधोमध तुटला आहे. मुद्रणाची माहिती असलेल्या व्यक्तीने सर्वांत रुंद चित्र मधल्या पानावर घ्यायला हवे होते. तेथे आभारप्रदर्शन आहे.

छापील प्रती दोन प्रकारांत मिळतात. स्वस्त प्रत ३०० जीएसएमच्या (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाच्या) आर्ट कार्डावर डिजिटल प्रेसवर छापलेली असते. महाग प्रत आम्लरहित सुती कागदावर पिगमेंट शाईने काढलेली असते. दोन्ही शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, कारण फरक चित्रागणिक बदलतो. बोरीबंदरच्या चित्रात ओल्या दगडाचे पोत आणि रात्रीच्या काळोखातल्या छटा आर्ट कार्डावर एकमेकींत मिसळून जातात, सुती कागदावर त्या सुट्या राहतात. टायटनच्या चित्रात तेवढा फरक जाणवत नाही, तेथे स्वस्त प्रत पुरे.

विज्ञानकथेच्या चित्रांना छपाईत एक खास अडचण येते आणि ती या चित्रकर्तींनी कशी सोडवली आहे ते सांगण्यासारखे आहे. ही चित्रे संगणकाच्या पडद्यावर रंगवली जातात. पडद्यावरचा रंग हा प्रकाश असतो, त्यामुळे यानांच्या इंजिनांचा झगझगीत निळा-हिरवा, जादूच्या वलयांचा पेटता जांभळा सहज साधतो. कागदावरच्या चार शाईंना हे रंग झेपत नाहीत. ते मळकट उतरतात आणि बहुतेक स्टॉलवरच्या प्रती म्हणूनच पडद्यावरच्या चित्राची फिकी आठवण वाटतात. येथे छपाईसाठी वेगळे रंगकाम केलेले आहे. जो भाग उजळ दिसायला हवा त्याचा रंग वाढवण्याऐवजी भोवतालचे सगळे रंग करडेपणाकडे उतरवले आहेत, आणि दिव्याचा केंद्रबिंदू कोऱ्या कागदाचा पांढरा सोडला आहे. परिणामी कागदावरचा दिवा लागलेला वाटतो. दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर यांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठे जुन्या कपाटात जपणाऱ्या वाचकांना ही युक्ती नवी वाटणार नाही. मर्यादित छपाईत चेहऱ्यावर समईचा उजेड पाडणाऱ्यांना ती पूर्वीपासून अवगत होती.

चित्र घेतल्यावर फ्रेमचा विचार करताना मुंबईच्या हवेचा विचार आधी करावा. येथील पावसाळ्यातली आर्द्रता कागदाची शत्रू आहे. चित्र थेट काचेला टेकवून बसवले तर दमट दिवसांत ते काचेला चिकटते, आणि सोलताना शाई काचेवर राहते. शिवाय कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके पडू लागतात. फ्रेमवाल्याला माउंट, म्हणजे चित्राभोवती जाड पुठ्ठ्याची चौकट, टाकायला सांगावे, म्हणजे चित्र आणि काच यांच्यात फट राहते, आणि माउंट बोर्ड आम्लरहित आहे ना हे स्पष्ट विचारावे, नाहीतर महाग कागदावर खर्च केलेले पैसे काही वर्षांत कडेने पिवळे पडतात. मोठी प्रत ए३ आकाराची, म्हणजे २९७ बाय ४२० मिलिमीटरची आहे, तर बाजारात तयार फ्रेम बहुधा १२ बाय १८ इंचांच्या मिळतात. माउंट टाकूनच ती त्यात नीट बसते. चित्रकर्ती प्रतीसोबत या सूचनांची छोटी चिठ्ठी देतात, हे मला आवडले. प्रती मात्र गुंडाळून नळीत घालून पाठवतात, आणि माझ्याकडे आलेली एक नळी वाटेत चेपलेली होती. तक्रार केल्यावर दुसरी प्रत विनातक्रार आली. सुती कागद गुंडाळल्यानंतर सरळ व्हायला वेळ घेतो, त्यामुळे शक्य असेल त्याने टेबलावरून सपाट पाकिटातच प्रत घ्यावी.

आता मागणीनुसार काढून घेतलेल्या चित्राविषयी. आईच्या पंचाहत्तरीला तिच्या गिरगावातल्या माहेरच्या चाळीचे चित्र द्यायचे होते, आणि विज्ञानकथांचे अंक रद्दीत घालू न देणारी ती असल्यामुळे चाळ अंतराळात असावी, एवढीच माझी अट होती. चित्रकर्तींनी आधी एक छापील अर्ज भरून घेतला. निम्मी रक्कम आगाऊ, पेन्सिल-आराखड्याच्या टप्प्यावर दोनदा बदल सुचवता येणार, रंग भरल्यावर बदल नाहीत, आणि चित्राचा प्रताधिकार त्यांच्याकडेच राहणार, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. शेवटची अट काहींना खटकेल. १९५७ च्या कायद्याच्या कलम १७ नुसार मोबदला देऊन काढून घेतलेल्या रंगचित्राचा किंवा व्यक्तिचित्राचा प्रताधिकार, उलट करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. म्हणून चित्रकाराला तो हवा असेल तर तसे लिहून घेणे आवश्यकच आहे. सही करण्यापूर्वी हे त्यांनी मला समजावून सांगितले. घरात लावण्यापलीकडे मला त्या चित्राचे काही करायचे नव्हते, तेव्हा अट मान्य करायला काहीच हरकत नव्हती.

आराखडा पाहून मी कोणताही बदल सुचवला नाही. स्वतःभोवती फिरणारे एक प्रचंड चाक, आणि त्या चाकाच्या आतल्या बाजूने बांधलेली चाळ. चाक फिरत असल्यामुळे आतल्या माणसाला बाहेरच्या परिघाकडे वजन जाणवते, म्हणजे परीघ हीच त्याची जमीन. मिनिटाला दोन फेऱ्यांच्या गतीने पृथ्वीइतके वजन जाणवायचे असेल तर चाकाची त्रिज्या सुमारे २२४ मीटर लागते, आणि चित्राच्या खाली कोपऱ्यात, चाळीच्या नावाच्या पाटीवर, बांधकामाच्या वर्षाऐवजी हाच आकडा बारीक अक्षरांत घातला आहे. लांब सामाईक गॅलरी दूरवर वर वर चढत जाते आणि शेवटच्या बिऱ्हाडातली माणसे आपल्या दृष्टीने जवळजवळ भिंतीवर उभी आहेत. पण सर्वांत नेमका तपशील वाळत घातलेल्या कपड्यांचा आहे. गॅलरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच दोरी गेली आहे, आणि प्रत्येक कपडा आपापल्या जागच्या ‘खालच्या’ दिशेला लोंबतो, त्यामुळे जवळचे धोतर आणि दूरची साडी एकमेकांना समांतर नाहीत. आईने हे माझ्या आधी ओळखले. तिने चश्मा काढून, चित्र डोळ्यांजवळ नेऊन, तिसऱ्या खोलीतल्या बाईंचा परकर एवढा तिरका का, असे विचारले आणि मग स्वतःच उत्तर दिले.

त्रुटी म्हणाल तर माणसांचे चेहरे. चित्रकर्तींना यंत्रे, दगड, कापड आणि जनावरे उत्तम जमतात. म्हातारी माणसे त्यांच्या हातून अजून तरुण माणसांना सुरकुत्या घातल्यासारखी उतरतात. आजोबांचा फोटो दिलेला असूनही त्यांचा जबडा एखाद्या महानायकाचा झाला आहे. फॅन आर्टमध्ये घोटलेला हात येथे आडवा आला, असे मला वाटते. शिवाय काम ठरलेल्या तारखेला मिळाले नाही. नोकरीतल्या कामामुळे उशीर होईल हे त्यांनी आधी कळवले, पण पंचाहत्तरी पुढे ढकलता येत नसते. त्या दिवशी आम्ही पेन्सिल-आराखडाच फ्रेम करून दिला, आणि आईला तोच अधिक आवडतो.

किमतींचे म्हणाल तर आर्ट कार्डावरची ए४ प्रत ४०० रुपयांना आणि ए३ प्रत ७५० रुपयांना पडते. सुती कागदावरची ए३ प्रत २,२०० रुपयांना आहे आणि पुस्तिका ६५० रुपयांना. मागणीच्या चित्राची किंमत त्यातल्या पात्रांच्या आणि वास्तूंच्या गुंतागुंतीवर ठरते, ती आधी लेखी मिळते आणि नंतर वाढत नाही. पुस्तिका मला थोडी महाग वाटली, सुती कागदावरची प्रत वाजवी. प्रत्येक मागणीच्या चित्रासोबत पेन्सिलच्या सर्व टप्प्यांचे कागद दिले जातात. यंत्राकडून क्षणात चित्र काढून घेण्याच्या या दिवसांत ते पुराव्यादाखल ठेवण्यापुरतेच नव्हे, तर हिशेब कोठे कसा बदलला हे पाहण्यासाठीही वाचनीय आहेत. माझ्या कागदांच्या एका कोपऱ्यात त्रिज्येचे गणित दोनदा खोडून तिसऱ्यांदा केलेले आहे.

मागणी नोंदवायची असेल तर जूनच्या आत नोंदवावी. जुलैपासून त्यांच्याकडे दिवाळी अंकांच्या सजावटीची कामे सुरू होतात, गणपतीनंतर त्या नवे काम घेत नाहीत, आणि घेतले तरी ते डिसेंबरपूर्वी मिळेल असे धरून चालू नये. म्हाताऱ्या माणसांचे चेहरे असलेले चित्र हवे असेल तर आराखड्याच्या टप्प्यावरचे दोन्ही बदल त्यासाठीच राखून ठेवावेत.